सोमवारची फुंकर

सकाळपासून आभाळ खाली आलेलं आणि हवा ओल्या फडक्यासारखी. अशा दमट हवेत लाकडाला लाखेच्या चपड्याचं पॉलिश मारू नये, त्यावर दुधाळ झाक येते, हे पॉलिशवाल्याला तीस वर्षं ठाऊक आहे. तरी त्या सोमवारी सात वाजताच तो गिऱ्हाइकाच्या जेवणाच्या टेबलावर बोळा फिरवत होता. "मला कळतं सगळं," तो सांगतो, "फक्त वेळेवर आठवत नाही."

आदल्या वर्षीही तेच झालं होतं. पोटात पाऊण बाटली असताना त्यानं स्कूटर घातली ती थेट पोलीस चौकीच्या फाटकात. गावभर भिंती मोकळ्या असताना नेमकी चौकी शोधली, म्हणून तो अजून स्वतःची पाठ थोपटून घेतो. कोर्टानं वर्षभराच्या तुरुंगाऐवजी व्यसनमुक्तीचे उपचार दिले. थोरली बहीण जामीन राहिली. दर सोमवारी दहाला परिवीक्षा अधिकारी बाईंपुढे हजर व्हायचं आणि यंत्रात फुंकर मारायची. यंत्रानं दारू दाखवली, की कागद कोर्टात आणि हा आत.

सात महिने यंत्र गप्प होतं.

साडेनऊला ताई दारात येऊन उभी राहिली. याचे हात तपकिरी, मिशीत चपड्याचे थेंब वाळलेले. असल्या अवतारात बाईंपुढे जाऊ नकोस, असं तिनं बजावलं. पॉलिशवाला हात कशानं धुणार? त्यानं फडकं स्पिरिटमध्ये बुडवलं, हात पुसले आणि उरलेल्या ओलीनं मिशीही चांगली घासून काढली. ऑफिस दोन गल्ल्यांवर, ताईही बरोबर आली. नवरदेवासारखा चकाचक होऊन तो बाईंपुढे बसला, फुंकला, आणि यंत्र कोकललं.

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली.

बाईंनी आकडा पाहिला, मग याच्याकडे. यानं मिशी चाचपून बोटं हुंगली. मग म्हणाला, "बाई, मी नाही प्यायलो. मिशी प्यायली."

"मिशीला वेगळी कोठडी नाही," बाई म्हणाल्या.

पण नियमात दुसरी फुंकरही होती. चूळ भरा, तोंड धुवा, पंधरा मिनिटांनी परत या, असं त्यांनी फर्मावलं. नळापाशी त्यानं साबणानं मिशी अशी खरडली, की फेस नाकात गेला. लग्नाच्या दिवशीही एवढा धुतला नव्हतो, असं तो सांगतो. बाकावर ताई घड्याळाकडे बघत होती. ती हळूच म्हणाली, "खरं सांग. घेतली नाहीस ना?"

"ताई, घेतली असती तर एवढा घाबरलो नसतो."

दुसऱ्यांदा यंत्रावर शून्य आलं. बाईंनी दोन्ही आकडे फायलीत लिहिले. पहिला खोडायला त्या तयार नव्हत्या. पुढं कारण लिहिलं आणि नवी अट घातली : सोमवारी फुंकर मारेपर्यंत स्पिरिटच्या डब्याला हात लावायचा नाही. खाली त्यानं सही केली. अंगठ्याला अजून तपकिरी रंग होताच.

परत आला तर टेबलावर साय धरल्यासारखी पांढरी झाक पसरलेली. त्यानं काचपेपरचा तुकडा घडी घालून घेतला, खाली बसला आणि एका कोपऱ्यापासून सकाळचं सगळं पॉलिश घासून काढायला लागला.