दुपारघराची दुसरी तपासणी

लुंबिनी डोंगरेंना कुणी घाबरट म्हटलेलं खपत नसे. त्या स्वतःला सावध म्हणवून घेत. दिल्लीत, हिंदूराव दवाखान्याच्या चढाखालच्या एका गल्लीत, भाड्याच्या घराच्या तळमजल्यावर, त्यांचं 'दुपारघर' चौदा वर्षं चालू होतं. इतक्या वर्षांत एखादा गुडघा खरचटण्यापलीकडे तिथे काही झालेलं नाही, हे त्या नव्या पालकांना पहिल्या पाच मिनिटांत ऐकवत. शाळा दीडला सुटते आणि आईबाप सहा-सातला घरी येतात. मधल्या वेळात सतरा मुलं त्यांच्याकडे जेवायची, गृहपाठ करायची, भांडायची आणि सतरंजीवर लोळायची. त्यातली बरीचशी वरच्या दवाखान्यातल्या नर्सांची होती, काही दुकानदारांची, दोन शिक्षकांची. मराठी मुलं त्यांना मावशी म्हणत, बाकीची मौसी, आणि लुंबिनीताईंचा धाक दोन्ही भाषांत सारखाच होता.

हे सगळं सुरू झालं ते त्यांच्या मुलीमुळे. तनया तेव्हा सात वर्षांची होती आणि लुंबिनीताई करोलबागेत एका खाजगी कचेरीत टायपिंग करत. एके दिवशी त्यांची बस वाटेत बंद पडली. घरी पोचल्या तर दाराला कुलूप, आणि पायरीवर दप्तर मांडीत घेऊन तनया बसलेली. तीन तास ती तशी बसली होती. समोरच्या भिंतीवर रिजच्या टेकडीवरच्या जंगलातली माकडं ओळीने बसून तिच्याकडे बघत होती. पोरगी रडली नव्हती. तिने फक्त विचारलं, "तू येणार होतीस ना?" त्या रात्री लुंबिनीताई जेवल्या नाहीत आणि आठवड्याभरात त्यांनी नोकरी सोडली. तनयाबरोबर शेजारच्या दोन मुली घरी येऊ लागल्या, दोनाच्या पाच झाल्या, आणि पुढे तनया शिकायला पुण्याला गेली तरी दुपारघर राहिलं. इथे कुठलंही मूल एकटं राहणार नाही, हा त्या घराचा एकमेव कायदा होता.

कायदा पाळायचा म्हणजे कुलपं आलीच. मागच्या दारातून एकदा एक माकड आत शिरून एका मुलाच्या हातची पोळी घेऊन गेलं, जाताना त्याच्या दंडावर ओरखडाही काढून गेलं. तेव्हापासून मागच्या लोखंडी दाराला कुलूप लागलं आणि त्याची किल्ली लुंबिनीताईंच्या कमरेच्या जुडग्यात गेली. माकडं बाहेर, मुलं आत, किल्ली आपल्याकडे. त्यांना ही व्यवस्था इतकी पटली होती की तिच्यात काही खोट असेल असं त्यांच्या मनातही आलं नाही.

मग जिल्हा कार्यालयाचं पत्र आलं. शाळेनंतर मुलं सांभाळणाऱ्या प्रत्येक केंद्राला आता परवाना लागेल आणि त्याआधी सुरक्षिततेची तपासणी होईल. लुंबिनीताईंचे यजमान धम्मपाल कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका सरकारी कचेरीत अधीक्षक होते. कागद म्हटला की त्यांचा चेहरा खुलायचा. त्यांनी एका फायलीत सगळं क्रमाने लावून दिलं, वर सूची चिकटवली आणि म्हणाले, आता इंद्र जरी तपासायला आला तरी काही सापडायचं नाही. लुंबिनीताईंनीही कंबर कसली. भिंतीतली प्लगची भोकं बंद झाली, गॅसची शेगडी मुलांच्या खोलीपासून लांब गेली, आग विझवायचं नळकांडं नवं आलं. औषधाच्या पेटीतल्या प्रत्येक बाटलीची तारीख त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली. मूल जिथून बघतं तिथून आपणही बघावं म्हणून एका दुपारी त्या सबंध खोलीत रांगल्यासुद्धा. त्यांच्या मदतनीस गंगुबाई दारात उभ्या राहून हसू दाबत होत्या.

तपासणीला आलेल्या दहिया मॅडम कमी बोलणाऱ्या, उंच, सोनीपतकडच्या बाई होत्या. त्यांनी चहा नको म्हटलं. फाईल पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकीचे गज हलवून पाहिले, गंगुबाईंच्या पोलीस पडताळणीचा कागद वाचला. प्रत्येक रकान्यात बरोबरची खूण होत होती आणि लुंबिनीताईंची मान इंचाइंचाने वर चढत होती. शेवटी मॅडमनी एक खुर्ची ओढून खोलीच्या मधोमध ठेवली.

"मान लीजिए, आग आगे के दरवाज़े पर लगी है," त्या म्हणाल्या. "और आप बेहोश हैं. बैठिए. आँखें बंद. कुछ बोलना नहीं है."

लुंबिनीताईंना हे मुळीच आवडलं नाही. सतरा मुलं घरात असताना मी बेशुद्ध पडेनच कशी, असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण बसल्या, डोळे मिटले. शिट्टी वाजली.

आधी गंगुबाईंचं "चलो, चलो" ऐकू आलं, मग मागच्या दाराचा खडखडाट. मग कुणीतरी ओरडलं की मौसी उठत नाहीत, आणि सगळी पावलं दाराकडून खुर्चीकडे वळली. त्यांच्या तोंडावर पाण्याचा हबका बसला. ती अबोली असणार, नर्स मयुराची आठ वर्षांची लेक, कारण पाणी मारून ती "सॉरी मावशी" म्हणाली. कुणी वहीने वारा घालत होतं, कुणी त्यांच्या चपला काढून तळपाय चोळत होतं. दहा वर्षांचा मानस धम्मपालकाकांना फोन लावत होता. लुंबिनीताईंचा ऊर भरून आला. मिटल्या पापण्यांखाली पाणी जमलं. चौदा वर्षांत आपण काय कमावलं ते या बाईंनी एकदा बघून घ्यावं, असं त्यांना वाटलं.

चार मिनिटांनी मॅडमनी थांबायला सांगितलं. लुंबिनीताईंनी ओल्या चेहऱ्याने, मोठ्या अभिमानाने त्यांच्याकडे पाहिलं.

"ये सब अंदर ही रह गए, मैडम," दहिया मॅडम म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "सत्रह के सत्रह."

त्यांनी रकान्यात फुली मारली. पंधरा दिवसांनी फेरतपासणी होईल, तीही अशीच गेली तर परवाना मिळणार नाही आणि पुढच्या महिन्यापासून दुपारघर बंद ठेवावं लागेल, हे त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं आणि त्या गेल्या.

त्या संध्याकाळी लुंबिनीताईंचा नुसता जळफळाट झाला. लेकरं माया करतात हा काय गुन्हा आहे, असं त्यांनी धम्मपालना तीनदा विचारलं. धम्मपालनी जेवता जेवताच वरच्या अधिकाऱ्यांकडे निवेदन पाठवायचा मसुदा मनात तयार केला. त्यातली दोन वाक्यं फारच सुंदर होती. लुंबिनीताई म्हणाल्या, लिहा, आणि चांगलं खरमरीत लिहा.

दुसऱ्या दिवशी मुलं यायच्या आधी त्या गंगुबाईंपाशीही तेच बोलत बसल्या. गंगुबाई जिंतूरकडच्या. नवऱ्यामागे बांधकामावर दिल्लीला आल्या, तो गेल्यावर इथेच राहिल्या आणि दुपारघराच्या पहिल्या वर्षापासून लुंबिनीताईंबरोबर होत्या. त्या ताटं पुसत ऐकत होत्या. शेवटचं ताट ठेवून त्या म्हणाल्या, "ताई, किल्ली तुमच्या कमरेला होती. मला दिसत होती. हात लावायची हिंमत झाली नाही."

लुंबिनीताईंचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला.

"चौदा वर्षं झाली," गंगुबाई म्हणाल्या. "तुम्ही कधी हातात दिली नाहीत."

त्यात तक्रार नव्हती, म्हणूनच ते फार लागलं. ज्या बाईच्या हातचं सतरा मुलं रोज जेवतात, तिच्या हातात आपण एक किल्ली दिली नाही. असं का? जे उत्तर सापडलं ते लुंबिनीताईंना आवडलं नाही: आपल्यावाचून इथे कुणाचंच काही चालू नये, हे आपल्याला मनातून हवं होतं. त्यांनी धम्मपालना फोन करून निवेदन राहू द्या म्हणून सांगितलं. मसुद्यातल्या दोन सुंदर वाक्यांसाठी धम्मपाल जरा हळहळले. संध्याकाळी वेल्डिंगवाला आला. कुलूप निघालं आणि दाराला आतून मोठा अडसर बसला. तो गंगुबाईंना एका हाताने सरकवता येत होता आणि मानसला दोन्ही हातांनी.

दाराचं काम तासाभरात झालं. मुलांचं होईना.

रोज जेवणं झाली की सराव सुरू झाला. लुंबिनीताई खुर्चीत डोळे मिटून बसत, गंगुबाई शिट्टी फुंकत. मोठी मुलं दोन दिवसांत शिकली. सगळ्यांनी एका दोरीला धरायचं, मागच्या दाराने पटांगणात जायचं, कडुनिंबाखाली उभं राहून मोजणी करायची. अबोली मात्र रोज दारापर्यंत जाऊन परत फिरायची आणि खुर्चीला येऊन बिलगायची. तिच्यामागून आणखी चार-पाच जणं. लुंबिनीताईंनी रागावून पाहिलं, गोडीने सांगून पाहिलं, पहिल्या येणाऱ्याला चिक्की लावून पाहिली. अबोलीला चिक्की नको होती. सहाव्या दिवशी त्यांनी हात टेकले, बाकीच्यांना गंगुबाईंकडे सोपवलं आणि तिला जवळ घेऊन बसल्या.

"तुम्ही कधी आम्हाला सोडून जाता का?" अबोलीने विचारलं. "नाही ना? मग आम्ही का जायचं?"

हे लुंबिनीताईंनीच शिकवलेलं होतं, शब्द तेवढे पोरीचे.

"तू परत आलीस तर आपण दोघी आत," त्या म्हणाल्या. "मी इथे आहे हे बाहेर कुणाला कळणारसुद्धा नाही. तू बाहेर जायचंस आणि जो पहिला मोठा माणूस दिसेल त्याला सांगायचंस, आत मावशी आहे. मला वाचवायचं काम तेवढंच. पण ते तूच करायचंस."

अबोलीने विचार केला. "आणि तरीपण नाही वाचलात तर?"

मुलांशी खोटं बोलायचं नाही, हे लुंबिनीताई कटाक्षाने पाळत. त्या दिवशी मात्र त्यांना खोटं बोलायचा फार मोह झाला.

"तर तुम्ही सतरा जण बाहेर असाल," त्या म्हणाल्या. "बेटा, मला तेवढं पुरे आहे."

अबोली रडली. लुंबिनीताईही थोड्या रडल्या, आणि मग दोघींनी मिळून बक्षिसाची चिक्की खाल्ली. संध्याकाळी मयुरा घ्यायला आली तेव्हा लेकीचे सुजलेले डोळे पाहून तिने काय झालं म्हणून विचारलं. लुंबिनीताईंनी सगळं सांगितलं. मयुरा ड्यूटीवरून दमून आली होती. तिने वाकून त्यांना नमस्कार केला, जो त्या एरवी कुणालाच करू देत नसत, आणि पोरीला घेऊन गेली.

पुढच्या सरावातही अबोली दोनदा परत फिरली, मग एकदाच. शेवटच्या दोन दिवसांत तिचं काय होईल ते सांगता येत नव्हतं.

फेरतपासणीच्या दिवशी उन्हाळ्यातली गरम वाऱ्याची लू सुटली होती. दहिया मॅडम ओढणी डोक्यावरून घेऊन आल्या, अडसर स्वतः सरकवून पाहिला आणि खुर्ची मधोमध ठेवली. लुंबिनीताई बसल्या. डोळे मिटण्याआधी त्यांनी अबोलीकडे बघायचं टाळलं. दुपारघर राहणार की जाणार ते पुढच्या दोन मिनिटांत ठरणार होतं, आणि पहिल्यांदाच त्यात त्यांना स्वतःला काही करता येण्यासारखं नव्हतं.

शिट्टी वाजली. गंगुबाईंचा आवाज आला, खणखणीत, कुणाला न विचारता दिलेला हुकूम. अडसर सरकला, गरम वारा आत आला. पावलं ओळीने जाऊ लागली. त्यांतली एक जोडी खुर्चीपाशी येऊन थांबली. लुंबिनीताईंना तो श्वास अगदी जवळ ऐकू येत होता. जा, जा, असं त्या मनातल्या मनात ओरडत होत्या आणि त्याच वेळी ती जाऊ नये असंही त्यांना वाटत होतं. मग पावलं पळाली, दाराकडे, आणि परत आली नाहीत.

खोली रिकामी झाली. इतकी रिकामी दुपार त्या घरात आजवर झाली नव्हती. लुंबिनीताई डोळे मिटून बसल्या, एकट्या, आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहू लागलं. ते दुःखाचं होतं आणि आनंदाचंही, त्यांनी ते पुसलं नाही. बाहेर पटांगणात गंगुबाई मोजत होत्या. पंधरा, सोळा. जरा अडखळल्यासारखं झालं. सतरा.

पाठोपाठ अबोलीचा आवाज आला, फाटलेला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "आंटी, अंदर एक हैं. हमारी मौसी हैं. आप जल्दी जाइए, हमको जाना मना है."

खरं तर मुलांमागून पटांगणात आलेल्या दहिया मॅडमना आता फक्त घड्याळ बघून खूण करायची होती. ती त्यांनी नंतर केली, परवाना पुढच्याच आठवड्यात आला. पण त्या क्षणी त्यांनी हातातली फाईल गंगुबाईंकडे दिली आणि त्या खरोखरच धावत आत आल्या.

"उठिए," धापा टाकत त्यांनी लुंबिनीताईंचा हात धरला. "मुझे आपको लेने भेजा है."