सरांची दुर्बीण आणि चौथीचा चंद्र

दुर्बीण आली ती मालवाहू ऑटोतून, दोन खोक्यांत. त्यातलं एक खोकं इतकं लांब होतं की शेजारच्या काकू फाटकाशी येऊन विचारत्या झाल्या, "गीझर घेतला काय व?" मी म्हटलं, गीझर असता तर बरं झालं असतं, निदान गरम पाणी तरी मिळालं असतं.

माझा नवरा जन्मभर गणित शिकवून निवृत्त झाला. राजापेठेतल्या शिकवण्यांमधून अर्ध्या अमरावतीला त्यांनी गणित शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या अमरावतीला गणिताची भीती घातली. सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते. मीही म्हणते, विशेषतः चिडले की. तर त्या दिवशी सरांनी जेवणाचं ताट दोनदा परत पाठवलं, स्क्रू हरवतील म्हणून पंखा बंद करायला लावला आणि थर्माकोलचे गोळे तुळशीपर्यंत उडवले. संध्याकाळपर्यंत मागच्या अंगणात, धुण्याच्या दगडाशेजारी, एक जाडजूड काळी नळी उभी राहिली. खाली फिरती लाकडी बैठक, नळीच्या तळाशी ताटाएवढा आरसा, आणि डोळा लावायचा तो वरच्या टोकाला, बाजूनं. दुर्बीण म्हणजे जहाजावरचे लोक हातात धरतात तसलं काहीतरी असेल, अशी माझी भाबडी समजूत होती.

"आरसा दहा इंची आहे," सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. सकाळी दूधवाल्यालाही सांगितलं. त्यानं नळीत डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "दाढी कराले चांगला हाय."

ही हौस कशासाठी होती, ते घरात कुणापासून लपलेलं नव्हतं. सरांची थोरली बहीण अकोल्याला असते. आई शेतात राबायची, त्यामुळे सरांना लहानपणी कडेवर वागवलं ते ताईंनीच. खळ्यावर झोपताना सात ताऱ्यांचं बाजलं त्यांनीच दाखवलं, बोटानं ओळ धरून मृग दाखवला, आणि हे पोरगं पुढं आकाशाकडं बघत ठेचा खाऊ लागलं. त्या ताईंचा डावा डोळा काचबिंदूनं गेला. उजव्याची नजरही आता कडेकडेनं आत सरकत होती. अकोल्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, ऑपरेशन करायचं ते उरलेली वाचवायला, आणि ती वाचेलच अशी खात्री नाही. ऑपरेशन गणपतीत ठरलं. त्याआधी दोन दिवस ताई आमच्याकडं गणपतीला येणार होत्या.

"तेवढ्यात तिला एकदा दाखवायचं आहे," सर म्हणाले.

"काय?"

"सगळं."

सगळं आकाश एका अधू डोळ्यात कसं मावणार, हे मी विचारलं नाही. मी चिडकी आहे, दुष्ट नाही.

दुर्बीण लागली आणि आभाळ जे झाकलं ते उघडेना. सर रोज संध्याकाळी ती बाहेर काढायचे. आधी बैठक, मग नळी, आणि दार धरायला मी. आरसा हवेइतका थंड झाल्याशिवाय नीट दिसत नाही म्हणे, म्हणून तासभर नळीशेजारी खुर्ची टाकून बसायचे. आरसा थंड व्हायचा, चहा थंड व्हायचा, सर थंड व्हायचे. मग दोन थेंब पडले की "दार धर, दार धर" करत सगळी वरात आत. नळीवर घालायला त्यांनी माझी चांगली चादर उचलली. मागितली असती तर मी जुनी दिली असती.

वरूडला सरांचे चुलतभाऊ आहेत, त्यांची संत्र्याची बाग आहे. त्यांचा फोन आला, "दादा, तुमची दुर्बीण आल्यापासून पाऊस चांगला जमला बरं का इकडं. हालवू नका तिले तठून." पंधरवड्यानं पुन्हा फोन. "दादा, आता झाडाखाली फळाचा सडा पडून राह्यला. विकून टाका ते!" सरांनी त्यांना ढग कसे बनतात हे समजावून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "ते खरं हाय, पन विका."

आकाश नाही तर नाही, म्हणून सर दिवसाउजेडी लांबच्या वस्तूंवर सराव करू लागले. राजापेठेकडच्या उंच इमारतीवर एका क्लासची भलीमोठी पाटी आहे. तीवरचे गुणवंत विद्यार्थी दुर्बिणीतून अगदी चष्म्याच्या काडीपर्यंत दिसायचे, फक्त सगळे डोक्यावर उभे. या जातीच्या दुर्बिणीत चित्र उलटंच दिसतं. मी म्हटलं, एवढ्या शिकवण्या लावून पोट्टे शेवटी उलटेच की. सर तीन तास माझ्याशी बोलले नाहीत, तेवढ्यात माझी बरीच कामं उरकली.

मग एक दिवस शेजारच्या काकू तणतणत आल्या. "सर, आमच्या गच्चीवर काय पाहून राह्यले तुमी?" सरांनी त्यांनाच डोळा लावायला दिला. काकूंना त्यांची स्वतःची पाण्याची टाकी दिसली, उलटी, आणि तिच्या बुडाला गेलेली चीरही दिसली. महिनाभर पाणी कुठं मुरतं म्हणून त्या भाडेकरूवर संशय घेत होत्या. त्या दिवसापासून दुर्बिणीबद्दल कॉलनीचं मत बरंच सुधारलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ताई आल्या. त्यांचा मुलगा सोडायला आला होता. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी न्यायला येतो, म्हणाला, कारण त्याच्या दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. ताईंनी पाणीसुद्धा न पिता मागचं अंगण गाठलं आणि नळीवरून हात फिरवला.

"हे काय आनलं गा बाबू? बंब होय?"

"दुर्बीण होय, ताई. दहा इंची आरसा हाय." सर माझ्याशी पुस्तकी बोलतात आणि बहीण आली की तासाभरात खळ्यावर पोहोचतात.

"आन नवी वस्तू घरात आली तं कुकू नाई लावलं तिले?"

त्या आत जाऊन हळदीकुंकवाचं ताट घेऊन आल्या. कुंकवाचं बोट भरलं आणि सरळ नळीच्या तोंडात हात घातला. आरसा चकचकीत, म्हणजे देव तिथंच असणार, हा हिशेब बरोबरच होता. सर आडवे आले. अक्षरशः नळीला मिठी मारली. "आरशाले नाई, ताई, आरशाले नाई!"

"कावून? कुकू लागलं तं रडते काय तो आरसा?"

शेवटी लाकडी बैठकीवर स्वस्तिक निघालं आणि धुण्याच्या दगडावर नारळ फुटला. सर कधी कुठल्या देवापुढं हात जोडत नाहीत. त्या दिवशी जोडले, आरसा वाचला म्हणून.

रात्रीच्या जेवणाला सरांनी ताईंना शनीची कडी दाखवण्याचं आमिष दाखवलं. ताईंनी घास खाली ठेवला. "ज्याची नजर पडू नाई म्हून लोक तेल वाहतात, त्याच्यावर तू मले नजर टाकाले सांगून राह्यला?"

चतुर्थीला गणपती बसला, आरती झाली, तळणीचे मोदक झाले. दुपारी वारा सुटला. संध्याकाळी मी दिव्याला वात करत होते तर सर स्वयंपाकघराच्या दारात येऊन ओरडले, "उघडलं!" इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच. आणि पुढच्याच क्षणी त्यांचा चेहरा पडला. पूर्वेला, राजापेठेच्या दिव्यांच्या वर, ढगांची थप्पी तशीच होती. शनी त्यांच्यामागं. उघडला होता तो फक्त पश्चिमेचा तुकडा, आणि त्या तुकड्यात एकच वस्तू होती. चौथीचा चंद्र.

वर्षभर चंद्राला ओवाळा, त्याच्याकडं पाहून उपास सोडा, त्याच्याखाली बसून दूध प्या. पण भाद्रपदातल्या या चतुर्थीला त्याच्याकडं पाहायचं नाही. पाहिलं की चोरीचा खोटा आळ येतो. देवावरसुद्धा मणी चोरल्याचा आळ आला, तिथं आपण कोण? त्या संध्याकाळी अख्खी कॉलनी मान खाली घालून चालत होती. मी एवढी शिकलेली बाई, पण दोरीवरचे कपडे काढायला गेले ती पायाच्या अंगठ्याकडं बघत.

सरांनी वकिली सुरू केली. "हे पाय ताई, याच्यात चंद्राकडं पाहाचंच नसते. तोंड भलतीकडं. दिसते ते आरशातलं प्रतिबिंब."

"प्रतिबिंबच पाहाचं असन तं पान्याची परात आन. एवढा बंब कायले आनला?"

"बरं, दिसते तेही उलटं. म्हंजे फळही उलटं."

मला राहवलं नाही. "म्हणजे ताईंनी खरंच चोरी करायची आणि आळ यायचा नाही, असं का?"

सरांनी वकीलपत्र खाली ठेवलं. दुर्बिणीवर माझी चादर पांघरली आणि धुण्याच्या दगडावर जाऊन बसले. उद्या सकाळी ताई जाणार होत्या. चंद्र तासाभरात मावळणार होता. त्या पाठमोऱ्या माणसाकडं बघून आपण मघाशी बोललो नसतो तर बरं झालं असतं असं वाटलं.

ताई आत माझ्याजवळ येऊन बसल्या. डोळ्यात औषधाचे थेंब घालायची वेळ झाली होती. मी थेंब घातला आणि म्हटलं, "ताई, त्यांनी हे तुमच्यासाठी आणलं आहे."

"मले काय मालूम नाई काय व?" त्या डोळा मिटून बसल्या. मला वाटलं थेंब झोंबतोय. मग तशाच मिटल्या डोळ्यांनी बोलायला लागल्या.

"माह्या लग्नाचं पयलं वरीस. जाऊची सोन्याची पोत हरवली. घरात नवी मीच. माही पेटी अंगनात आनून उलटी केली, साऱ्यायसमोर. लुगडे, झंपर, सारं मातीत. काई निंगालं नाई. तं सासू म्हने, हिनं चौथीचा चंद्र पाह्यला असन. म्हंजे चोरीबी माही, आन चंद्रबी म्याच पाह्यला."

"मग सापडली का?"

"दिवाईच्या आधी गादी उसवली, तं कापसात होती."

"मग काय म्हणाले सगळे?"

"काय म्हनतीन? गादी शिवून टाकली."

माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. सरांनाही ठाऊक नसावं, ते तेव्हा पाटी घेऊन शाळेत जात असतील. मला त्या सासूचा असा राग आला की ती समोर असती तर माझ्या हातून काहीतरी झालंच असतं. पण ती केव्हाच गेली, आणि ताईंनी तिचं शेवटपर्यंत केलं.

"मी नवता पाह्यला व," ताई म्हणाल्या. "जल्मात नाई पाह्यला. आयीनं सांगतलं तवापासून या दिवशी मान खाली. तरी आळ आलाच ना? मंग आता पाहू तं दे मले, कसा हाय तो." आणि भिंतीला हात लावून त्या उठल्या.

अंगणात येऊन म्हणाल्या, "बाबू, काढ ते पांघरूण."

सर इतक्या घाईनं उठले की त्यांची चप्पल दगडापाशीच राहिली. चंद्र काकूंच्या टाकीच्या जरा वर होता. खाली उतरलेला, त्यामुळं नळीही वाकलेली, आणि डोळा लावायची जागा बरोबर ताईंच्या उंचीला आली. सरांनी त्यांचा खांदा धरला, मी कोपर धरलं. ताईंनी उजवा डोळा लावला.

काही क्षण काहीच नाही. मग त्यांच्या कोपरातून माझ्या हाताला कळलं की दिसलं.

"ते जे काठाशी गोल गोल खड्डे दिसतात ना, ताई, ते—"

"चूप राय."

सर चूप राहिले. चाळीस वर्षांत मला जे जमलं नव्हतं, ते दोन शब्दांत झालं.

"हा होय काय तो?" ताईंनी विचारलं.

"हो, हाच."

"हा तं लय गरीब दिसते गा. हा कोनाचं काय करीन?" मग म्हणाल्या, "याच्यावरबी आळच आनला लोकायनं."

मी मान वर केली. म्हटलं, यायचा तो आळ येऊ दे. नुसत्या डोळ्यांनाही तो चांगला दिसत होता, नखाच्या कोरीएवढा, पिवळट.

चंद्र नळीतून सतत निसटत होता. तो पुढं जातो, नळी जागेवरच राहते, म्हणून सर तिला बोटानं हळूच ढकलत होते. एकदा ढकलून झाल्यावर ताईंनी मान थोडी वळवली आणि डावा डोळा लावला. सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी नाही अशी मान हलवली, बोलू नका म्हणून. ताई तशाच वाकून उभ्या राहिल्या, डोळा बदलला तरी श्वास तसाच धरलेला.

"यातून नाई दिसत," त्या म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. आणि उजवा डोळा पुन्हा लावला.

"सरकव बाबू. जाऊन राह्यला तो."