सोसायटीच्या नोटिशीतले कॉमा

आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत मी सेक्रेटरी झाले, ती दुसऱ्या कुणालाच व्हायचं नव्हतं म्हणून. त्यात निम्मे भाडेकरू आयटीतले, कुणी केरळचं, कुणी ओडिशाचं. म्हणजे नोटीस इंग्रजीत लावणं आलं. माझं सगळं शिक्षण मराठी शाळेतलं. शब्द येतात हो मला, पण शब्दांच्या मध्ये जे बारीकसारीक पेरायचं असतं ना, तिथे माझी दांडी गुल!

लेक कॅनडात असते. पहिली नोटीस तिलाच तपासायला पाठवली. रविवारी सकाळी तिचा फोन आला. "आई, टाकी धुणार, लिफ्ट बंद, गाड्या हलवा, सगळं एका दमात? वाचणाऱ्याला धाप लागेल गं. फुलस्टॉप दे." झाली आमची शिकवणी सुरू. 'डिअर रेसिडेंट्स' म्हटलं की पुढे कॉमा. मालकी दाखवायची असेल तरच ॲपॉस्ट्रॉफी. मी तो 'कार्स'लासुद्धा चिकटवला होता, नुसत्या अनेकवचनाला. उद्गारचिन्हं तर तीन-तीन ठोकायचे. "ओरडतेस कशाला?" ती म्हणायची. अगं बाई, ओरडल्याशिवाय इथे गाडी कोण हलवतं?

चिन्हं दहा मिनिटांत आटपायची. मग ती काय जेवली, बर्फ किती पडला, नवी घरमालकीण कशी खडूस आहे, असं तासभर चालायचं. त्या तासावर माझा अख्खा आठवडा निघायचा, खोटं कशाला सांगू? पुढे पुढे मला सगळं नीट यायला लागलं, तरी नोटीस पाठवण्याआधी मी एखाददुसरा कॉमा मुद्दाम पुसून टाकायचे.

पण माझ्या जिभेला हाड नाही ना! एकदा गुडघा ठणकत होता आणि ही सेमीकोलन समजावत बसली. मी तडकले. "पुरे गं बाई! परीक्षेला बसवलंयस का मला?" "बरं," म्हणून तिने फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात तिने माझ्या फोनमध्ये एक ॲप घ्यायला लावलं. आपण लिहायचं, चिन्हं ते दुरुस्त करतं. "आता तुला माझा त्रास नको," ती म्हणाली.

ॲप मेलं गुणी निघालं. नोटिशी बिनचूक व्हायला लागल्या. चेअरमन म्हणाले, "वहिनी, नोटीस अगदी साहेबाची झाली. पार्किंग मात्र आपलंच राहिलं." लेकीला नोटीस पाठवली की नुसता अंगठा यायचा. रविवारी सकाळी मी फोन समोर ठेवून चहा घ्यायचे आणि चहा गार व्हायचा.

शेवटी गेल्या रविवारी मीच फोन लावला.

"काय झालं आई? बरी आहेस ना?" ती घाबरूनच गेली.

"काही झालं नाही. तुझी फार आठवण येते गं."

ती हळूच म्हणाली, "मला वाटलं, माझं सारखं चुका काढणं तुला टोचतं."

"टोचतं कसलं! अगं, मी मुद्दाम चुका करत होते."

ती हसायला लागली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. "आई, मला घरी यायचंय गं."

"ये," मी म्हणाले. सुट्टी कधी मिळणार, ते मी विचारलं नाही आणि तीही बोलली नाही.