मोकळेकाकांचा कोपरा

आमच्या फणसवाडीतल्या चाळीत प्रत्येक खोली सामानाने गळ्यापर्यंत भरलेली असे. मोकळेकाकांच्या खोलीत मात्र खिडकीजवळचा एक कोपरा कायम रिकामा. तिथे तांब्यासुद्धा ठेवायचा नाही, असा काकांचा कायदा होता. घरची माणसं उरलेल्या जागेत एकमेकांच्या अंगावर झोपत. काकांचं खरं आडनाव वेगळंच होतं, पण ते भाडेपावतीखेरीज कुठे वापरलं जात नसे.

काका एका कचेरीत गोऱ्या साहेबाच्या हाताखाली नकाशे काढत. तेव्हा मुंबईबाहेर झाडाबागांची नवी उपनगरं वसायची होती. बाग कुठे, रस्ता कुठे वळवायचा, घराभोवती जागा किती सोडायची, हे सगळं काकांच्या हातून कागदावर उतरलं. स्वतः काका तिथे कधीच राहायला गेले नाहीत. ते त्यांच्या पगारात बसणारं नव्हतं. "सरळ रस्त्यानं माणूस नुसता पोचतो रे, वळणाच्या रस्त्यानं घरी येतो," हे ते मला संडासाच्या रांगेत उभं राहून समजावत.

काकूंना त्या कोपऱ्यात कपाट हवं होतं. माहेरचं शिसवी कपाट, जागेअभावी बाहेर गॅलरीत भिजत होतं.

"माझ्या लुगड्यांना कसर लागली, आणि ह्यांची बाग अजून रिकामीच!"

"जागा सोडली नाही तर त्याला घर नाही, गोदाम म्हणतात," काका शांतपणे सांगत. हे भांडण आम्ही सगळे आवडीने ऐकत असू.

संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत एका दुपारी खाली लाठीमार झाला आणि पळणारी माणसं चाळीत घुसली. आमच्याकडे पाय ठेवायला जागा नव्हती. काकांच्या कोपऱ्यात मात्र चार गिरणी कामगार मावले. एकाचं डोकं फुटलं होतं. काकू त्यावर हळद दाबत होत्या. काकांचा चेहरा असा फुलला होता, की जणू लाठीमार त्यांनीच मागवला असावा.

"बघितलंस? ह्याला नगररचना म्हणतात!"

"आधी त्यांना बसा तरी म्हणा," काकू म्हणाल्या.

पुढे राज्य मिळालं. काका एकदा आपलं उपनगर बघून आले. सोडलेल्या जागांत लोकांनी गॅरेजं आणि खोल्या चढवल्या होत्या. "मूळ नकाशाबरहुकूम आता माझा कोपराच उरला," ते हसून म्हणाले. मला ते हसू बघवलं नाही.

काका गेले तेव्हा त्यांना त्याच कोपऱ्यात ठेवलं होतं. नंतर मी काकूंना भेटायला गेलो. कपाट अजून गॅलरीतच होतं. मी सहज हातातली पिशवी खिडकीजवळ टेकवली.

"तिथं नको रे," काकू घाईने म्हणाल्या, "मोकळी जागा आहे ती."