फोटोतली टोपी

सासऱ्यांच्या दशक्रियेची सगळी तयारी माझ्याकडे होती. त्यांचा एक चांगला फोटो मी घरच्या कॉम्प्युटरवर साफ करून, छापायला द्यायची वेगळी प्रत म्हणून एक्स्पोर्टही करून ठेवला होता. तो पाहून सासूबाई म्हणाल्या, "उघड्या डोक्यानं कवा वेशीबाहेर गेलं न्हाईत ते. टोपी पायजे."

मी दुसऱ्या फोटोतली टोपी काढून त्यांच्या डोक्यावर नीट बसवली, सेव्ह केलं, फोटो पेनड्राइव्हवर घेतला आणि आळेफाट्याच्या स्टुडिओत फ्रेम करायला दिला. यादीत त्या कामापुढे खूण केली.

संध्याकाळी डिंगोऱ्याला घरी येऊन फ्रेमवरचा कागद काढला, तर टोपी नाही! स्टुडिओवाल्याला फोन लावला.

"भाऊ, टोपी कुठं गेली?"

"ताई, तुमी दिलं तेच छापलं. टोपी घातल्यावर परत एक्स्पोर्ट केलं व्हतं का?"

"सेव्ह केलं होतं ना!"

"सेव्ह केलेलं तुमच्या कॉम्प्युटरात ऱ्हायलं. आमच्याकडं आला तो आधीचा फोटो. आता दुकान बंद केलं राव, सकाळी दहाला या."

दशक्रिया उद्या सकाळीच, दहापर्यंत नदीवरचं सगळं उरकलेलं असणार. मी कॉम्प्युटर उघडला, तर तिथे टोपी होती. पेनड्राइव्हवर नव्हती. सेव्ह केलेलं सगळीकडे सेव्ह कसं होत नाही, हेच मला कळेना.

सासूबाईंनी खुंटीवरची सासऱ्यांची टोपी आणली आणि फ्रेमच्या वरच्या कडेवर चढवली. ती फोटोतल्या पार कपाळापर्यंत खाली आली.

"ह्ये बरं हाय," त्या म्हणाल्या. "नदीवर वारं लई असतं. सुतळीनं बांध."

मी सुतळी शोधायला उठले.