रिकाम्या पोटी गुडमार

पत्रक मीच लिहिलं होतं, हे आधी सांगून टाकतो. ‘मधुमेह्यांनो, विलायती सुईची गुलामी सोडा!’ स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झाली, तरी इन्शुलिनच्या बाटलीवर परदेशी कारखान्याचं नाव, याची मला चीड होती. मथळ्याखाली उपाय दिला होता: गुडमारच्या पाल्याचा काढा, रिकाम्या पोटी. ‘रिकाम्या पोटी’ हे मला कोणी सांगितलेलं नव्हतं. जंगली औषध तसंच घेत असतील असं वाटलं आणि छापून मोकळा झालो.

माझे काका नालवाडीत मास्तर होते. रोज सकाळी सुई टोचून घेत आणि लगेच भाकर खात. हिंगणीच्या जंगलातून आणलेला पाला मी त्यांच्या डॉक्टरांना दाखवला. तपासून तरी पाहा म्हटलं, तर हसून म्हणाले, बकरीला घाल. काका मात्र सुई चालू ठेवून काढा घ्यायला तयार झाले. आठवडाभरात लघवीच्या परीक्षेत नळीतला विटकरी रंग हिरव्यावर आला, म्हणजे साखर बरीच उतरली. मग काय, मी गावभर पत्रकं वाटली, पाला दुप्पट केला, आणि पत्रकाप्रमाणे भाकर दोन तास पुढे ढकलायला लावली.

दुसऱ्याच सकाळी काकांचा सदरा घामानं भिजला. हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली. काकूनं गुळाचा खडा उचलला. मी तिचं मनगट धरलं. मधुमेह्याला साखर म्हणजे विष, हेही मीच छापलेलं.

“हात सोड. घाम फुटला म्हंजे साखर लय उतरली, गूळ द्याचा, डाक्टरनं मले सांगतलं आहे.”

मी सोडला नाही. काकांची मान कलली तेव्हा तिनं मला ढकललं आणि खडा त्यांच्या तोंडात घातला. त्यांनी तो थुंकून टाकला.

“माती काऊन चारून राह्यली?”

गुडमार जिभेवरची गोडी मारतो. हा गुण मी पत्रकात मोठ्या तोऱ्यात सांगितला होता. काकूनं गूळ पाण्यात कालवला, वाटी त्यांच्या ओठाला लावली. “मातीच आहे, गिळा.”

हळूहळू काकांच्या डोळ्यांत ओळख आली. त्यांनी पत्रक मागितलं. पाला किती, पाणी किती, सुई घेणाऱ्यानं तो घ्यावा का, असं एकेक विचारत गेले. उत्तर द्यायचं सोडून मी डॉक्टरांच्या हसण्यावर घसरलो.

“तो हासला, तू छापलं,” काका म्हणाले. “तपासलं कोणीच नाई. गावात वाटले नं हे? परत घेऊन येजो.”

तिसऱ्या घरी कचेरीतले एक कारकून दारातच उभे होते. काल घ्या घ्या म्हणत होता, आज द्या म्हणून राह्यला, असं म्हणून हसले. आपल्या आईनं सकाळीच काढा घेतल्याचंही त्यांनी सांगितलं.

“सुई घेते का ती?”

“घेते नं.”

“काही खाल्लं तिनं?”

“तूच त' लिहिलं, खाऊ नका म्हणून.”

मी चपला न काढताच आत शिरलो.