पलानीची भिंत

दगडाच्या बाबतीत पलानीशी वाद घालायची आमच्या किनाऱ्यावर कुणाची टाप नव्हती. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड बसवून तो भिंत रचायचा आणि ती हलायची नाही. ठोकल्यावर येणाऱ्या आवाजावरून सांगायचा, हा पक्का, हा पोकळ. साठी उलटली तरी मिजास काही कमी झाली नाही. मी शेजारीण, तीस वर्षं ऐकत आले.

त्या वर्षी डोंगरावरून लाव्हा आमच्या वस्तीकडे निघाला. पेलेदेवी म्हणजे आमची ज्वालामुखीची देवी; ती यायला निघाली की आम्ही घर झाडून, दारात फुलं ठेवून निघून जातो. तिला आडवं जायचं नाही. पण पलानीच्या अंगणात आईची कबर होती. धाकटी बहीण नोहेआने शनिवारचा ट्रक ठरवला, पाद्रीबाबांना बोलावलं, आईची शवपेटी उचलून वरच्या गावात न्यायला.

पलानीने मात्र कबरीभोवती छातीएवढी भिंत घातली होती. शुक्रवारी लाव्हा तिला टेकला आणि थांबला. सकाळपर्यंत काळा पडला, गुडघ्याएवढा थर. पलानीने लांब पहारीने ठोकून बघितलं. खणखणीत वाजला.

"झाला दगड!" तो ओरडला. "ट्रक परत पाठव, नोहे. आईला कशाला हलवायचं?"

"दादा, वरची हवा बघ कशी थरथरतेय. आत धग आहे अजून."

"तू मला दगड शिकवणार?"

आणि मीही मेली म्हणाले, "अगं, त्याला कळतं त्यातलं." जीभ का झडली नाही माझी! ट्रक रिकामा गेला.

पलानीने आयुष्यभर थंड झालेला दगड हाताळला होता. दगड होताना त्याने कधी ठोकून बघितला नव्हता. दुधावर साय धरावी तसं वरचं कवच तेवढं धरलं होतं. खाली लाव्हा वाहतच होता, मागून नवा येऊन भरत होता आणि कवच अख्खं वर उचललं जात होतं. रविवारी दुपारी ते भिंतीच्या माथ्याला आलं, तडकलं आणि लालभडक लाव्हा आत उतरला. भिंतीचा एक दगड हलला नाही. लाकडी क्रूस भडकला. पलानी "आई, आई" करत धावला, त्याला आम्ही दोघींनी धरून ठेवलं. नोहेआ त्याच्याकडे न बघताच वरच्या गावाला निघून गेली. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

दीड वर्षाने त्या लाव्हावर पाय ठेवता आला. नोहेआ आली नाही, मी गेले. सगळीकडे एकसारखा काळा दगड, ना भिंत ना अंगण. पलानी फुलांचा हार घेऊन नुसता इकडून तिकडे फिरत होता. शेवटी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"तू सांग. इथेच ना?"

मला काय कळणार, कपाळ! पण त्याचं तोंड बघवेना.

"हो, इथेच," मी म्हणाले.

तो खाली बसला आणि त्याने हार ठेवला.